एकाच फांदीवर, एकाच वेळी

गोठिवलीत आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर आईने बोंबील वाळत घातले होते आणि कावळे हाकायला मला बसवलं होतं. तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचा नवा भाडेकरू वर आला आणि कठड्याला टेकून टॅबवर झाड काढायला लागला. मला काही राहवेना.

"कुठलं झाड हे?"

"झाड नाही, मेंदूतली पेशी," तो हसला. "मी निखिल. रबाळ्याच्या एका लॅबमध्ये हेच बघत असतो."

"मी जागृती. घरमालकाची मुलगी. आणि या फांद्या कशाला?"

"त्यांच्यावर सारखे निरोप येतात. कुणी म्हणतं बोल, कुणी म्हणतं गप्प बस. फांद्या सगळ्यांची बेरीज करतात. पुरेशी झाली, तरच पेशी बोलते."

"आणि एकच निरोप आला तर?"

"विरून जातो… त्याच फांदीवर, त्याच वेळी आणखी आले, तर मात्र अख्खी फांदी पेटून उठते!"

पेशींबद्दल काहीही विचारा, तासभर बोलायचा. स्वतःच्या बाबतीत मात्र ठार मुका. गौरीच्या सणात एक चोरटी नजर. दिवाळीत एक "छान दिसतेस". मग थेट शिमग्याला गालावर बोटभर रंग. दर वेळी माझं काळीज धडधडायचं आणि पुढचं काही येईपर्यंत सगळं निवून जायचं. मला तो आवडत होता हो! पण त्याच्या मनात काय आहे, हे कसं कळायचं?

शेवटी ऐरोलीचं स्थळ आलं. रविवारी सुपारी फुटणार होती. मी तडक गच्चीवर गेले.

"काय हो मेंदूवाले, सणासुदीला एकेक निरोप पाठवून बेरीज होते का?"

तो गोरामोरा झाला. "खोली सोडायला लावाल म्हणून… भीत होतो."

"मग खोली राहू दे. मीच जाते ऐरोलीला नांदायला."

"नको—" आणि मग तो थांबलाच नाही. "तू आवडतेस. तुझं हे फटकळ बोलणंही आवडतं. तू जिन्यात भेटावीस म्हणून मी रोज लॅबला उशिरा जातो, बोलणी खातो. लग्न करशील माझ्याशी?"

बाई गं! "हो" म्हणाले ते जिना उतरता उतरताच.

"बाबा, ऐरोलीवाल्यांना नाही म्हणून कळवा. मला निखिल पसंत आहे."

पेशीच्या अगदी जवळ आलेला एक नकार लांबचे सगळे होकार गिळून टाकतो, असं त्यानेच कधीतरी सांगितलं होतं. आणि माझ्या अगदी जवळ होते ते बाबाच. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्यामागे दारात घाम पुसत उभ्या असलेल्या त्याच्याकडे.

"मंग आयतवारी तूच ये," बाबा त्याला म्हणाले. "आय-बापसाला घेऊन."