वारा तोडणारी

मेथीची जुडी आणायला गेले होते, एवढंच. संगमनेरच्या बाजारातून दुपारी चारला परतले, तर हे अजून डेअरीतून यायचे होते. मधल्या खोलीत यांची सायकल उभी होती. मागचं चाक लोखंडी स्टँडमध्ये अडकवलेलं, समोर टेबलफॅन.

घरात जागच्या जागी पायडल मारायचा तो स्टँड मीच घ्यायला लावला. आधी हे रोज पहाटे नाशिक रस्त्याला जायचे, शाळेत शिकवणाऱ्या एंजलबरोबर. पुढं ती, तिच्या चाकामागं चाक लावून हे. पुढच्यानं वारा तोडला की मागच्याला दम कमी लागतो, असं मला कौतुकानं सांगायचे. ती यांना सरळ ‘वाल्मिक’ म्हणायची. माझा नुसता जळफळाट व्हायचा. दिवाळीनंतर ती उसाच्या ट्रॉलीखाली गेली. मी रडले, पण आतून हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू?

घरातल्या सायकलीला ट्रॉलीचं भय नाही, कुत्री नाहीत, ऊन नाही, आणि नवरा डोळ्यांसमोर. त्या बदल्यात घामाचा वास नि तासभर चाकाची घरघर सोसायची. तेही सोसलं. पण आदल्या दिवशी मी विचारलं,

"एवढा पंखा लावलाय, तरी घामाघूम कसे?"

"वारा लागत न्हाई, अश्विनी." यांची नजर समोर खिळलेली. "पुढं ती हाय ना..."

मेलेल्या बाईवर जळायचं, ही काय रीत झाली! पण रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. म्हणून त्या दुपारी पिशवी टेकवली, ओढणी कमरेला बांधली आणि सायकलवर चढले.

पंखा जोरात सोडला. मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर फडफडायला लागलं. माझ्या कपाळावरचा केससुद्धा हलला नाही. समोर कुणीच नव्हतं. फक्त पावडरीचा मंद वास येत होता. आमच्या घरात पावडर कुणी लावत नाही.

भ्यायला हवं होतं. मी चिडले.

"सर बाजूला," म्हणाले आणि पायडल मारत सुटले. मांड्या भरून आल्या, छाती धपापली... आणि एकदम तोंडावर वारा आला. गार, भरभरून. मी तिला मागं टाकलं होतं! मला हसू फुटलं.

तेवढ्यात मागून श्वास ऐकू आला. अगदी माझ्या चाकाशी.

दार उघडून हे आत आले. सायकलीकडं बघून जागीच थबकले. डोळे भरून आले.

"एंजल..."

"अहो, मी आहे," असं म्हणायला गेले. तोंडातून नुसतं ‘वाल्मिक’ आलं.

मागून माझ्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, "अहो, कुणाशी बोलताय? या आत, चहा टाकते."

यांनी डोळे पुसले.

"कुणाशी न्हाई, अश्विनी. आलो."

माझ्या बाजूनं हे स्वयंपाकघरात गेले. आतून कपबशीचा आवाज आला, मग दोघांचं हसणं. मला उतरायचं होतं. पाय काही थांबेनात.