स्तंभाच्या कापलेल्या सळया

"स्टंप! आपल्याला स्टंप मिळाले!" रुद्र ओरडतच धावत आला. त्याच्या हातात स्टीलच्या चार चकचकीत कांड्या होत्या.

"एवढेसे? यांच्यावर बेल्स ठेवायच्या की बोरं?" निकिता खिदळली.

सृष्टीचं लक्षच नव्हतं. ती चौकातल्या दगडी स्तंभाकडे बघत होती. दोन माणसांपेक्षा उंच, काळाभोर, पांढऱ्या कापडात गुंडाळलेला. कापडाखाली तिच्या पप्पांचं नाव कोरलेलं होतं: वाल्मीक. गोदावरीला पूर आला तेव्हा वाल्मीक होडी घेऊन मळ्यांत अडकलेली माणसं आणत राहिले. शेवटच्या खेपेला गेले ते परत आलेच नाहीत. नदीनं त्यांना परत दिलंच नाही. म्हणून सृष्टीला त्यांच्याशी बोलायला, रुसायला जागाच नव्हती. उद्या ते कापड निघणार होतं. मग ती रोज त्या अक्षरांवरून बोट फिरवणार होती.

"स्टंप कुठे सापडले रे?" तिनं उगाच विचारलं.

"स्तंभामागच्या वाळूत!"

सृष्टीनं एक कांडी हातात घेतली आणि तिचं टोक निरखलं.

"अरे, ही कापलेली आहे! टोक बघ."

काम सुरू असताना ती रोज इथं येऊन बसायची. ठेकेदार योगेशमामांनीच तिला समजावलं होतं, "सळई अर्धी दगडात, अर्धी काँक्रीटच्या पायात. दोन्हीकडच्या भोकांत केमिकल भरलं की दोन्ही एकजीव! झाडाला मूळ तशी दगडाला सळई."

"मग एवढं मूळ कापलं, तर पायात उरलं काय?" निकितानं विचारलं. "आमच्या द्राक्षबागेत दादानं कडेचा खांब उथळ गाडला होता. तारा ताणल्या, वारं सुटलं आणि सगळी ओळ आडवी!"

तिघांनी एकदमच वर पाहिलं. उद्याच्या मांडवाचे दोर कामगारांनी सरळ स्तंभालाच बांधले होते!

तिघं धावत रावजीकाकांकडे गेली. काका स्मारक समितीचे अध्यक्ष. ते खुर्च्या मोजून घेत होते.

"काका, स्तंभ पक्का नाहीये!"

"नाय? अगं, उचलताना क्रेन कण्हत होती! हत्ती हाय तो, हत्ती. पळा, खेळा जा!"

रुद्र हिरमुसला. पण सृष्टीला काहीतरी आठवलं. शाळेच्या भिंतीला तडा गेला होता, तेव्हा सरांनी त्यावर कागदाची पट्टी चिकटवली होती. तडा हलला तर कागद फाटणार! निकितानं घरून कणकेची खळ आणली, रुद्रनं वर्तमानपत्र फाडलं. दगड आणि पाया जिथं मिळत होते, तिथं चारही बाजूंनी पट्ट्या बसल्या. कडक उन्हात त्या वाळून टणक झाल्या.

संध्याकाळी नदीकडून वारं सुटलं. मांडवाचं कापड शिडासारखं फुगलं, दोर ताणले.

"काका, फक्त चहा संपेपर्यंत इथं उभे राहा ना!" चहाचा कप घेऊन निघालेल्या रावजीकाकांना निकितानं गळ घातली.

"काय गं तुमचं..." काका म्हणाले आणि थांबले. टर्रर्र! त्यांच्या डोळ्यांदेखत एक पट्टी फाटली होती.

"दोर सोडा! आधी दोर सोडा!" काका गरजले. "सगळे लांब व्हा! योगेश, इकडं ये!"

योगेशमामांनी कांड्या पाहिल्या आणि त्यांची मान खाली गेली. "पायाच्या पूजेला सगळ्या गावानं त्या भोकांतच नाणी, सुपाऱ्या, अक्षता टाकल्या. वरून पाणी सोडलं. सगळं घट्ट बसलं, भोकं अर्धीच उरली. पूजेचं उकरून काढावं तर अपशकुन. लोक काय म्हणतील? मग सळयाच कापल्या."

"आणि आता लोकांच्या डोक्यावर पडला असता तर?" रुद्रनं विचारलं.

काकांनी कपाळ पुसलं. "उद्या पाहुणे येणार. दोर काढलेत. उद्याचा दिवस निभावून नेऊ, मग..."

सृष्टीनं स्तंभाकडे पाहिलं. वाऱ्यानं कापड जरा सरकलं होतं आणि 'वा' दिसत होता. एवढंसं अक्षर! उद्याची वाट तिच्याइतकी कुणीच पाहिली नव्हती.

"नको काका," ती म्हणाली. "उद्या लहान पोरं इथंच खेळतील. पप्पांनी माणसं वाचवली. त्यांच्या नावाखाली कुणाला लागायला नको. दगड उतरवा."

काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "वाल्मीकची पोर शोभतेस गं! आम्ही मोठी माणसं मात्र खुर्च्याच मोजत बसलो."

कार्यक्रम पुढे ढकलला. क्रेननं स्तंभ अलगद आडवा केला. पूजेचं सामान सृष्टीच्या आईनं स्वतः ओंजळीत काढलं. त्याच्यासाठी पायाशेजारी वेगळा कोनाडा केला. भोकं घासली, हवेनं फुंकून धूळ काढली. पूर्ण लांबीच्या नव्या सळया बसल्या. केमिकल घट्ट होईपर्यंत योगेशमामा आधाराच्या टेकूंजवळून हललेच नाहीत. कुणी चौकशी केली, तर म्हणायचे, "त्या तीन इंजिनिअरांना विचारा!"

पुढच्या रविवारी कापड निघालं. भाषणं झाली, तिघांना हार घातले, टाळ्या झाल्या. हळूहळू चौक रिकामा झाला.

सृष्टी एकटीच मागे राहिली. नावावरून बोट फिरवायचं तिनं किती दिवस ठरवलं होतं! पण ती वळली आणि स्तंभाला पाठ टेकून बसली. दिवसभराच्या उन्हानं दगड कोमट झाला होता. नदीकडून वारं आलं. दगड जागचा हलला नाही.

"पप्पा," ती हळूच म्हणाली, "तुम्हाला खूप सांगायचंय."