मेथेनकाठचा प्रसिद्धिपट

"मानवाच्या इतिहासात काही क्षण असे येतात, की ज्यांच्यापुढे काळ स्वतः पादत्राणे काढून उभा राहतो. सूर्यापासून जवळजवळ दीडशे कोटी किलोमीटरांवर, टायटनच्या या मेथेन-सरोवराकाठी, आज तसाच एक क्षण..."

"कट," धोंडीराम चौगुले म्हणाले. "मॅडम, मागं कुणाची तरी बंडी वाळतीया."

केंद्रप्रमुख डॉ. वसुधा उकिडव्यांनी वळून पाहिले. पैलतीर संशोधन केंद्राच्या मुख्य घुमटात एक मोठी गोल खिडकी होती. तिच्यातून शनीच्या या उपग्रहावरचे नारिंगी धुके आणि त्याखालचे काळेशार सरोवर दिसायचे. त्या खिडकीच्या गजावर खरोखरच एक बंडी वाळत होती.

"ही तुमचीच आहे, चौगुले."

"असंल की. पण फ्रेममध्ये नको."

काळाची पादत्राणे चौगुल्यांनीच लिहिली होती. टायटनवर येण्याआधी ते इचलकरंजीत लग्नांचे चित्रण करीत. इथे त्यांची नेमणूक संदेशयंत्रांच्या देखभालीसाठी होती. मात्र प्रत्येकाला स्वतःच्या सामानासाठी जे मोजके वजन मिळायचे, त्यात त्यांनी स्वेटरांऐवजी दोन कॅमेरे आणि तीन तिपाया आणल्या होत्या. पहिली थंडी त्यांनी इतरांच्या स्वेटरांवर काढली.

आता त्या कॅमेऱ्यांना मान मिळाला होता, कारण पृथ्वीवरून, केंद्र चालवणाऱ्या मंडळाचे पत्र आले होते. पत्राचा मथितार्थ असा: पैलतीर केंद्रावर जायला पृथ्वीवर कोणी तयार होत नाही. एकोणीस वर्षे तिथे जीवसृष्टीचा शोध चालला आहे आणि एकोणीस वर्षे अहवालात 'आढळली नाही' एवढेच येते आहे. तरी केंद्राने एखादा बरासा, व्यावसायिक दिसणारा प्रसिद्धिपट करून पाठवावा. तो पाहून चाळीस माणसे पुढे आली तर केंद्र चालू राहील. न आली तर वाटेत असलेल्या यानात सगळे भरून परत निघावे, टायटनवर एक खिळाही मागे ठेवू नये.

ती एकोणीस वर्षे उकिडवेबाईंची होती. त्या आल्या तेव्हा एकोणचाळीस वर्षांच्या होत्या. परतीचा विचार त्या फारसा करीत नसत. पृथ्वीवर त्यांची वाट पाहणारे जे होते, ते वाट पाहून कंटाळले होते.

"मी हे पादत्राणांचं वाक्य म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. "आम्ही काय करतो ते मी सांगते. सरोवराच्या काठच्या टेकड्यांना भोक पाडतो, नमुना काढतो, तपासतो, काही सापडत नाही."

"हे ऐकून चाळीस माणसं येतील?"

"खरं आहे ते."

"खरं हाय म्हणूनच इचारतोय."

चौगुल्यांनी रीतसर आराखडा केला होता. कोणते दृश्य कुठून घ्यायचे, त्यावर कोणते वाक्य येणार, संगीत कुठे चढणार, सगळे रेखाटून भिंतीवर लावले होते. सूक्ष्मदर्शकात पाहणारी तरुण शास्त्रज्ञ हवी होती. ती भूमिका शीतरसायनतज्ज्ञ डॉ. यास्मिन इनामदारांकडे आली. त्या पंचेचाळीस वर्षांच्या होत्या, पण केंद्रात त्यांच्याहून तरुण कोणी नव्हते. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायलाही काही नव्हते, म्हणून त्यांनी बिस्किटाचा चुरा ठेवला. पडद्यावर तो फारच आशादायक दिसला.

प्रसिद्धिपटाचा गाभा मात्र एक जलदचित्र होते. लग्नात एक कॅमेरा मांडवाच्या कोपऱ्यात तिपाईवर लावून तसाच सोडून द्यायचा, कुठे काय होईल सांगता येत नाही, ही चौगुल्यांची जुनी सवय. टायटनवर उतरल्या दिवशीच त्यांनी एक तिपाई सरोवराकाठी बर्फात रोवली होती आणि कॅमेऱ्याला रोज एक चित्र टिपायला सांगून ते विसरून गेले होते. त्याला नऊ वर्षे झाली. ती चित्रे एकामागून एक पळवली की काळ सुमारे दहा लाख पट वेगाने धावायचा, आणि नऊ वर्षे पाच मिनिटांत संपायची. चौगुल्यांनी त्यांतला अर्ध्या मिनिटाचा तुकडा निवडला. मधोमध केंद्राचा उंच संदेशस्तंभ, मागे सरोवर, आणि काठावर त्या टेकड्या, नारिंगी-तपकिरी, तेलकट, दोनदोन मजल्यांएवढ्या.

टेकड्या जागच्या हलतात हे केंद्राला माहीत होते. वर्षाला वीस-तीस मीटर सरकायच्या. पृथ्वीवरच्या हिमनद्याही तेवढ्या सरकतात, म्हणून त्याला 'बर्फसर्पण' असे नाव देऊन एका भूवैज्ञानिकाने डॉक्टरेटही मिळवली होती.

तिसऱ्या दिवशी संकलन पुरे झाले. चौगुल्यांनी दिवे मंद केले आणि उकिडवेबाई व इनामदारबाई यांना समोर बसवून प्रसिद्धिपट लावला. संगीत चढले. बिस्किटाचा चुरा चमकला. मग जलदचित्र आले.

"थांबवा," उकिडवेबाई म्हणाल्या. "माझा स्तंभ का झुलतोय?"

पडद्यावर टेकड्या अगदी स्थिर होत्या. संदेशस्तंभ मात्र मानेला झटका दिल्यासारखा उजवीकडे झुकत होता, सरळ होत होता, पुन्हा झुकत होता.

"झुलतोय व्हय?" चौगुल्यांनी मान पुढे काढली. "हां. त्याचं असं झालं मॅडम, मूळ चित्र हलत होतं. तिपाई हलली असणार. लई वंगाळ दिसत होतं. मग मी त्याच्यावर स्थिरक फिरवला."

"स्थिरक म्हणजे काय करतो?"

"चित्रात ज्याची जागा जास्ती, ते जागचं हलत नाही असं तो धरून चालतो. ते एका जागी खिळवतो आणि बाकीचं त्याच्या हिशेबानं सरकवतो. वरातीत नाचताना शूटिंग केलं की लागतोच."

"आणि इथे जास्त जागा टेकड्यांची आहे."

"होय की."

"चौगुले, तो स्तंभ वीस मीटर खोल बर्फात पुरलाय. मी स्वतः पुरलाय. तिपाई हलली असती तर स्तंभ आणि टेकड्या दोन्ही बरोबर हलल्या असत्या. तुमचा स्थिरक काढा."

चौगुल्यांनी स्थिरक काढला. त्या कृतीने मानवजातीच्या एकाकीपणाचा शेवट झाला. पण तेव्हा ते फक्त एवढेच म्हणाले, की आता दिसायला घाण दिसणार.

स्तंभ ताठ उभा राहिला. आणि त्याच्यामागच्या साऱ्या टेकड्या, एकजात साऱ्या, डावीकडे झुकल्या.

पुन्हा सरळ झाल्या. पुन्हा झुकल्या.

इनामदारबाईंनी तो तुकडा सहा-सात वेळा मागेपुढे करून पाहिला.

"बर्फ असा झुलत नाही," शेवटी त्या म्हणाल्या.

"यास्मिन, नमुने निर्जीव होते. दर वेळी निर्जीव होते."

"तुम्ही नमुना किती वेळ तपासता, ताई?"

"दिवसभर. कधी दोन दिवस."

"तिथेच चुकलं आपलं." इनामदारबाईंनी भिंतीवरच्या आराखड्याचा एक कागद उलटा केला आणि त्या त्यावर लिहायला लागल्या. "दूध फ्रीजबाहेर लवकर नासतं, आत उशिरा. का? तापमान दहा अंशांनी उतरलं की रासायनिक क्रियेचा वेग साधारण निम्मा होतो. जीव म्हणजे तरी काय, रासायनिक क्रियाच. आपण इथे घुमटात वीस अंशांवर बसलोय. बाहेर उणे एकशे ऐंशी. फरक किती?"

"दोनशे."

"म्हणजे वीस वेळा निम्मं करायचं. पहिल्यांदा निम्मं, मग पाव, मग अर्धपाव... विसाव्या वेळी दहा लाखावा भाग उरतो." त्यांनी पेन खाली ठेवले. "बाहेर कोणी जिवंत असेल, तर ते दहा लाख पट सावकाश जिवंत असेल. त्याचा एक श्वास म्हणजे आपला महिना-सव्वा महिना. तुम्ही त्याची नाडी एक दिवस धरून बसलात आणि म्हणालात, गेला हा."

"आणि चौगुल्यांचं जलदचित्र..."

"दहा लाख पट. योगायोगाने यांनी बरोबर त्यांच्या वेगाने पाहिलं."

"योगायोग कसा?" चौगुले म्हणाले. "संगीताच्या ठेक्यावर बसवलंय ते."

उकिडवेबाई खिडकीशी गेल्या. बंडी बाजूला सारून त्यांनी बाहेर पाहिले. टेकड्या नेहमीसारख्याच होत्या, टेकड्यांसारख्या.

"एकोणीस वर्षं मी त्यांच्यामधून चालतेय," त्या म्हणाल्या. "त्यांना मी कशी दिसत असेन?"

"नाहीच दिसत. फिरत्या पंख्याची पाती दिसतात का आपल्याला? तुम्ही कधी दिवसभर एका जागी उभ्या राहिला आहात?"

"नाही."

"मग तुम्ही नाहीच. मीही नाही. आपण सगळे मिळून थोडीशी वाऱ्याची झुळूक. हा घुमट सोडला तर त्यांना इथे दोनच गोष्टी दिसतात. एक हा स्तंभ. आणि दुसरी..."

"तिपाई," चौगुले हळूच म्हणाले.

"तिपाई. आणि स्तंभाला डोळा नाही, तिपाईवर आहे."

मग त्यांनी पाचही मिनिटे लावली. सगळी नऊ वर्षे. संगीत नाही, निवेदन नाही.

आधी टेकड्या विखुरलेल्या होत्या. दोन सरोवराच्या कडेला वाकून होत्या, बहुधा पीत होत्या. मग त्यांतल्या एकीला कॅमेरा दिसला. दिसला हे कसे कळले ते सांगता येत नाही, पण तिघांनाही कळले. ती थबकली. तिने शेजारणीला ढोसले. ती बातमी काठाकाठाने पसरत गेली, नारिंगी पाठींवर एकेक काळपट लहर उमटत गेली, आणि सगळ्या इकडे यायला लागल्या. त्यांच्या येण्यात घाई नव्हती आणि भीतीही नव्हती. एवढ्या अवाढव्य गोष्टी इतक्या हलक्या पावलांनी चालू शकतात हे त्या घुमटात कोणाला माहीत नव्हते. एकीने चालता चालता कुशीला खाजवले. तिथे एक बारीकसे छिद्र होते.

"तो माझा नमुना," उकिडवेबाई म्हणाल्या.

टेकड्या जवळ आल्या. स्तंभ मधे येतो म्हणून सगळ्या मिळून डावीकडे झुकल्या आणि कॅमेऱ्याकडे पाहिले. मग पुन्हा. शेवटी त्यांनी स्तंभ टाळून थोडे बाजूला सरकायचे ठरवले. ठेंगण्या पुढे आल्या, उंच मागे गेल्या. एकीने दुसरीच्या पाठीवरचे धुळीचे पूट झटकले. त्या एका झटक्याला आठवडा लागला होता. मग साऱ्या समोर तोंड करून, खांद्याला खांदा लावून उभ्या राहिल्या. इनामदारबाईंचे डोळे केव्हाचे वाहत होते. त्या ते पुसत नव्हत्या, कारण पुसताना काही निसटले असते.

आणि अगदी शेवटी, गेल्या काही महिन्यांत, पुढच्या रांगेतल्या एकीने अंगाचा एक रुंद पसरट भाग वर उचलला, आणि तो कॅमेऱ्यासमोर धरला. चित्र तिथे संपले.



"आशीर्वाद हाय तो," चौगुले म्हणाले. त्यांच्या हातात आधीच कागद होता. "लिहून घ्या मॅडम. एका प्राचीन संस्कृतीनं बालमानवाच्या मस्तकी..."

"इशाराही असेल," इनामदारबाई म्हणाल्या. "इथून पुढे येऊ नका. आपण त्यांना भोकं पाडली आहेत. ताई, मंडळाला काय कळवायचं? यान आठ दिवसांवर आहे. त्यांचा पहिला प्रश्न हाच असणार. त्यांना म्हणायचंय काय?"

उकिडवेबाई शेवटचे चित्र न्याहाळत होत्या.

"हात वर धरलाय तिने," त्या सावकाश म्हणाल्या, "पण बघतेय कुठे? सगळ्या आता कुठे बघतायत?"

साऱ्या टेकड्यांची तोंडे डावीकडे वळली होती, सरोवराच्या लांबच्या वळणाकडे. चौगुल्यांनी चित्राचा तो कोपरा मोठा केला. वळणावर, धुक्यात, एक लहानशी टेकडी होती. मागच्या चित्रांत ती आणखी लांब होती.

उकिडवेबाई हसायला लागल्या. एकोणीस वर्षांत त्यांना तसे हसताना कोणी पाहिले नव्हते.

"माझ्या बहिणीच्या लग्नात," त्या म्हणाल्या, "आमचे भाऊकाका पान आणायला गेले होते. अख्खा गोतावळा स्टेजवर, आणि आई फोटोवाल्यासमोर हात आडवा धरून अर्धा तास उभी."

चौगुले पडद्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी आशीर्वादाचा कागद नीट घडी करून खिशात घातला. "लग्नाची एवढी कामं केली," ते पुटपुटले. "आणि मला दिसू नये."

इनामदारबाईंनी अंतर मोजले, वेग मोजला. "तिच्या चालीने ती इथे पोचायला त्यांचा अर्धा तास. आपली साठेक वर्षं."

"तोवर आपण कोणी नसू," उकिडवेबाई म्हणाल्या.

"फोटोवाला फोटोत कधी असतो का, मॅडम?" चौगुले म्हणाले. "त्यानं थांबायचं असतं फक्त."

त्याच दुपारी प्रसिद्धिपट पृथ्वीकडे रवाना झाला. त्यात स्थिरक नव्हता, संगीत नव्हते, बिस्किटाचा चुराही नव्हता. सोबत केंद्रप्रमुखांचे निवेदन जायला हवे होते. चौगुल्यांनी तीन मसुदे दिले. तिन्हीत मानवजात होती आणि एकात पादत्राणे होती. उकिडवेबाईंनी ते वाचले, बाजूला ठेवले आणि स्वतः लिहिले:

"केंद्र आवरता येत नाही. चाळीस माणसे पाठवावीत, आणि ती म्हातारी होतील तेव्हा आणखी चाळीस. बाकी काही हलवले तरी चालेल, काठावरची तिपाई तेवढी हलवू नये. मंडळी म्हणतात जरा थांबा, एक जण यायचा राहिलाय."