आवाज : नंदकिशोर

डीजे दहाला बंद झाला म्हणून तोंडं कसली पाडता रे? पोलीस काय तुमचे मामा लागतात? बसा इथंच गच्चीवर. आणि ते शेवटचं गाणं, ज्याच्यावर अंगात आल्यासारखे नाचत होतात, ते परत लावायचं नाही. मोबाईलवरसुद्धा नाही. श्रुतिका, ठेव तो खाली. का म्हणजे? सांगतो. ज्याचं ते गाणं, तो नंदकिशोर तीस वर्षं ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर होता. ऐकीव गोष्ट नाही ही, मेल्यांनो.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. तुळशीचं लग्न लागलं, त्याच्या तिसऱ्या दिवशी, मंगळवारी, रात्री आठला नंदकिशोर मुलुंडच्या घरातून निघाला. काम साधं. एक जुनी कॅसेट मरोळला पोचवायची. त्याची बायको जयंती म्हणाली, "अहो, आत्ता कशाला? उद्या कुरिअर करा ना."

"हरवली म्हणजे?" म्हणाला आणि चपला सरकवल्या.

आता ही कॅसेट काय? सत्त्याऐंशी साली मुलुंडात पोरांचा एक बँड होता. नाव 'पत्रा'. एका पत्र्याच्या शेडखाली वाजवायचे म्हणून पत्रा. न्यू वेव्ह म्हणायचे त्या प्रकाराला. तबला नाही, पेटी नाही. सिंथेसायझर, ड्रम मशीन, आणि गाणारा असा गायचा की जणू त्याला जगाचं काही पडलेलं नाही. चाली सगळ्या नंदकिशोरच्या. वाजवायचाही तोच. पण गायचा अनंत. आणि लोकांना काय, गाणारा दिसतो. राबतो एक आणि मिरवतो दुसरा!

जयंतीलाही अनंतच दिसला. लग्न ठरल्यातच जमा होतं. मग अनंतला कावीळ झाली. पंचवीसचा होता. तीन आठवड्यांत गेला. पुढं दोन वर्षांनी जयंतीने नंदकिशोरशी लग्न केलं. संसार नीट केला हो तिने, नाव ठेवायला जागा नाही. अनंतचं नावसुद्धा ओठांवर आणलं नाही. पण नंदकिशोरला तेच खुपायचं. विसरलेल्या माणसाचं नाव माणूस सहज घेतो. ती घेत नव्हती.

त्यात हा डीजे निलेश उपटला. अठ्ठावीसचा पोरगा, मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये गाळा, त्यात स्टुडिओ. त्याला 'पत्रा'ची दोन गाणी कुठूनशी मिळाली. त्याने त्यांचे रीमिक्स केले. आणि काय चालले म्हणता! घाटकोपरपासून बोरिवलीपर्यंत एक हळद सोडली नाही. नंदकिशोरला आधी आनंदच झाला. मग त्याने नीट ऐकलं. रीमिक्सवाले काय करतात, आवाज तेवढा ठेवतात, बाकीचं वाजवणं काढून फेकतात, आणि खाली आपलं धाडधाड घालतात. म्हणजे नंदकिशोरचा सिंथ गेला. बोटं गेली, रात्री गेल्या. अनंत तेवढा राहिला.

आणि एका सकाळी जयंती भांडी घासताना तेच गुणगुणत होती. नंदकिशोर दारात उभा. बत्तीस वर्षांत ती त्याच्यासमोर कधी गुणगुणली नव्हती. जळून खाक झाला बिचारा. जित्या माणसाशी भांडता येतं रे, मेलेल्याचं काय करणार?

तिसऱ्या गाण्याची कॅसेट फक्त नंदकिशोरकडे होती. निलेशने फोन करून करून जीव खाल्ला. नंदकिशोर म्हणाला, देतो. पण अनंतचा आवाज काढायचा. मी गाणार. नाव माझं टाकायचं.

"काका, झकास! आपल्याला काय, गाणं पाहिजे," निलेश म्हणाला.

तर त्या मंगळवारी नंदकिशोर गाळ्यावर पोचला. शेजारी छापखाना. त्याची मशीन साडेनऊला थांबते, म्हणून रेकॉर्डिंग त्यानंतर. तोवर निलेशने कॅसेट कॉम्प्युटरवर चढवली. हल्ली कॉम्प्युटर आवाज वेगळा काढतो आणि वाजवणं वेगळं. पडद्यावर दोन रेघा आल्या. वरची अनंत, खालची नंदकिशोर.

"वरची उडवू ना, काका?"

"उडव."

उडवली. नंदकिशोरने विचारलं, "कचऱ्यातूनसुद्धा?" पोरगा हसला. तिथूनही काढली.

नंदकिशोर काचेच्या खोलीत गेला. कानाला हेडफोन लावला. गाणं सुरू झालं. त्याचाच सिंथ, एकवीस-बावीसच्या वयातला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. पहिली ओळ यायच्या आधी… कानात कुणीतरी श्वास घेतला.

निलेशने थांबवलं. "काका, श्वास जरा लांबून घ्या. माईकवर येतोय."

"मी नाही घेतला."

"असू दे. परत."

परत तेच. सिंथ… मग श्वास. अगदी कानाशी. नंदकिशोरला वाटलं, जुन्या कॅसेटची खरखर असेल. तो गायला. हट्टाने गायला. शेवटपर्यंत गायला. बरं वाटलं त्याला. गळा इतका मोकळा कधीच झाला नव्हता.

बाहेर आला तर निलेश खुर्चीत आखडून बसलेला.

"काका… हे तुम्हीच गायलात ना?"

त्याने वाजवून दाखवलं. अनंत गात होता. स्वच्छ. नवाकोरा. जगाचं काही न पडलेला.

निलेशने सगळं उलटंपालटं केलं. जुनी रेघ कुठंच नव्हती. पडद्यावर आवाजाची एकच रेघ. आज रात्रीची. नऊ सत्तेचाळीसची.

नंदकिशोर तसाच बाहेर पडला. रिक्षा केली. पवईवरून मुलुंड. रिक्षावाल्याला हातानेच वळणं दाखवली. घरी पोचला तेव्हा अकरा वाजून दहा मिनिटं झाली होती. बेल दाबली.

आतून जयंती म्हणाली, "कोण?"

"मी."

एवढंच म्हणाला.

मग कडीचा आवाज. दार उघडलं. जयंती उभी. डोळे मिटलेले.

"आलास?" म्हणाली.

आलात नाही रे. आलास. बत्तीस वर्षं ती त्याला अहो म्हणत आली.

त्या रात्रीपासून नंदकिशोर बोलत नाही. डॉक्टर म्हणाले, गळ्याला काही झालेलं नाही. तो चिठ्ठ्या लिहितो, हे सगळं मला त्यांतूनच कळलं. निलेशने गाणं बाजारात आणलं. व्यवहार तो व्यवहार. खाली छापलंय, 'आवाज : नंदकिशोर'. लोक अभिनंदनाचे फोन करतात. हा नुसता ऐकतो. तुम्ही आज नाचलात ते हेच.

घाबरलात? अजून आहे.

गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेलो. जयंती बाजारात गेली होती. बरी दिसते म्हणे ती हल्ली, गजरा माळते. नंदकिशोरने तिचा जुना फोन आणला. चिठ्ठीवर लिहिलं, 'ऐक.'

रेकॉर्डिंग होती, तिनेच केलेली. रात्रीची. तारीखवार. बरीच.

एक लावली. आधी पंखा. मग जयंती, अगदी हळू…

"बोल ना रे."

मग तो. अनंत. काय म्हणाला ते नाही सांगत. नवराबायकोतलं होतं.

मी म्हटलं, "नंदू, झोपेत बोलतोस तू. त्यात काय? आवाज बसला असेल, बदलला असेल."

त्याने मान हलवली. नाही. फोन माझ्या कानावर दाबला.

जयंती हसली. तो काहीतरी म्हणाला. ती पुन्हा हसली.

आणि दोघांच्या मागे… पंख्याच्या घरघरीत… अजून एक आवाज.

घोरणं.

तीस वर्षं डबा खाल्ल्यावर शेजारच्या टेबलावरून ऐकलंय मी ते. नंदकिशोरचं घोरणं. संथ, एकसारखं.

तो दुसरा बोलत असतानासुद्धा.