मंगळवारपर्यंतची कॉफी

थू—

कॅरिसच्या आयुष्यातला कॉफीचा पहिला घोट बाल्कनीच्या कठड्यावरून थेट खाली गेला.

"अहो, वरच्या बाई... हे काय होतं?"

ती वाकली. खाली टोमॅटोच्या कुंड्या, आणि खांद्यावर काळे कण घेऊन उभा एक हसरा माणूस.

"कॉफी," ती ओशाळली. "चावून प्यावी लागते, हे माहीत नव्हतं."

"पूड नुसती पाण्यात ढवळलीत? कोकोसारखी?"

"मग... कशी करतात?"

"चर्च कधी सोडलंत?"

ती चमकली. मॉर्मन पंथाच्या घरात कॉफी वर्ज्य, आणि सगळं लोगन गाव मॉर्मन. कळणारच.

"इस्टरला."

"मीही पहिली चावलीच होती. मी थेन. खाली या, गाळणी आहे."

*

गाळणीतून थेंब पडत राहिले. चर्चचे रविवार थेनचे झाले. चर्चला न चालणारा बिनबाह्यांचा पिवळा झगा तिने जन्मात पहिल्यांदा घातला, तेव्हा तो टोमॅटोंकडेच बघत बसला.

"बघितलंस तरी चालेल."

"बघतोय कुठे. दंडावर डास आहे तुझ्या."

"मग मार ना."

डास उडून गेला. बोट मात्र तिथेच—

*

ठाऊक आहे.

ती तीन वर्षांची असताना आईने तिला चर्चमधल्या माइकपाशी उचलून धरून कानात सांगितलं होतं, म्हण, "मला ठाऊक आहे, हे चर्च खरं आहे." पुढे ती आपणहून म्हणत राहिली. मग एका रविवारी माइकसमोर उभी राहिली, आणि... ठाऊक नव्हतं. तेव्हापासून तो शब्द तिने कशालाच लावला नाही. हवामानालासुद्धा नाही.

म्हणूनच थेनने जेव्हा विचारलं, "माझ्यावर प्रेम आहे तुझं?" तेव्हा तिचा कप ओठांपाशीच थांबला.

"आपल्यात लग्न अनंतकाळासाठी लावतात, थेन. मेल्यावरही सुटका नाही. आणि मला उद्याचंही सांगता येत नाही रे."

"अनंतकाळ कोण मागतंय? मंगळवारपर्यंत जमेल?"

"मंगळवारी काय आहे?"

"पुन्हा विचारीन."

*

मंगळवारी त्याने दार उघडलं, तर पायरीवर ती. हातात दोन कप, स्वतः गाळलेली कॉफी.

"विचार."

"आत तर ये—"

"आधी विचार."

त्याने विचारलं. ती नेहमीसारखी अडखळली... आणि मग तिचं तिलाच हसू फुटलं.

"ठाऊक नाही," ती म्हणाली. "पण आहे."

त्याने घोट घेतला. दाताखाली काहीतरी करकरलं. तो ते मुकाट्याने गिळून गेला.

"कधीपर्यंत?"

"पुढच्या मंगळवारी विचार."