पायाळू पोरीची अट

राळेगाव-यवतमाळ बसमधला तरणाबांड कंडक्टर पडलेलं तिकीट उचलायला वाकला आणि... वाकलेलाच राहिला!

"आय वं माय!"

"उसण भरली वाटते," मागच्या सीटवरून गावातल्या रुखमाबाई शेजारच्या पोरीवर ओरडल्या. "अवं प्रेरणा, ऊठ! पायाळू हायेस ना तू? लाव त्याच्या पाठीले पाय!"

झालं! अख्खी बस वळून बघायला लागली. प्रेरणा जन्मताना पायाकडून आली, हा काय तिचा गुन्हा? पण पायाळू माणसाचा पाय लागला की उसण पळते, म्हणून लोकांनी लहानपणापासून तिला नुसतं छळलं होतं. शाळेच्या वाटेवर माणसं पाठ करून उभी राहायची. आता फिजिओथेरपीची डिग्री घेऊन ती यवतमाळच्या दवाखान्यात काम करत होती, तरी लोकांना हवा तिचा पायच!

"मी कोणाले पाय लावत नसते," ती ठसक्यात म्हणाली आणि त्याच्यासमोर येऊन बसली. "पायात मुंग्या येऊन राह्यल्या का?"

"नाही..." त्यानं मान तिरकी करून तिच्याकडं पाहिलं. डोळे हसरे, मेले! "लावा ना मॅडम पाय. एसटीची पाठ हाये, भेऊ नका."

तिनं हसू दाबलं. त्याला सीटवर कुशीवर निजवलं, सावकाश श्वास घ्यायला लावला. यवतमाळ येईस्तोवर स्वारी उभी राहिली. नाव कळलं — संघदीप.

पण त्याची उसण काही जाईना. दर आठवड्याला भरायची, आणि तीही प्रेरणा बसमध्ये असतानाच!

"मागच्या खेपेले तर डाव्या बाजूले होती!" तिनं त्याला पकडलं.

"फिरती ड्युटी हाये तिची," तो गंभीर चेहऱ्यानं म्हणाला.

तिकीट देताना त्याची बोटं तिच्या बोटांना लागली. तिनं झटकन खिडकीबाहेरच्या कपाशीकडं पाहिलं, पण कान तापायचे ते तापलेच.

एके दिवशी त्यानं खरंच विचारलं, "पाय काहून नाही लावत तुम्ही?"

"मले शिकून हात लावायचा हाये. मणक्याचे सांधे हातानं मोकळे करतात ना, त्यांना कायरोप्रॅक्टर म्हणतात. आपल्याकडं त्याची सरकारमान्य डिग्री नाही. ब्रिटनात चार वर्षं शिकावं लागते. एकेक हाड, एकेक नस पाठ करायची, एक्स-रे वाचायचे. किती जोर लावायचा ते एकमेकांच्या पाठीवर गिरवायचं. मंग कुठं मास्तरांसमोर खरे पेशंट! आणि सगळ्यात अवघड काय, तर कोणाच्या पाठीले हात लावायचाच नाही, हे वळखणं."

"बाप्पा! चार वर्षं?" त्याचं हसू मावळलं. "आणि... तुम्ही जाऊन राह्यल्या?"

"अ‍ॅडमिशन झाली. स्कॉलरशिप मिळाली."

तो तिकिटं द्यायला पुढच्या सीटकडं वळला.

रविवारी मात्र तो आईला, शीलाताईंना, घेऊन प्रेरणाच्या घरी हजर! शीलाताईंनी आडवळण घेतलंच नाही.

"नागोरावभाऊ, पोट्टी आवडली आम्हाले. लगन आत्ताच लावू. अन् परदेश कायले? इथंच दवाखाना टाकू. पाय तर गुणकारी हायेच तिचा!"

प्रेरणाच्या बाबांनी, नागोरावांनी, लेकीकडं पाहिलं. तिची नजर संघदीपवर गेली. हो म्हणावं तर हा माणूस जन्माचा आपला. नाही म्हणावं तर बहुतेक गेलाच. आणि तिला तो हवा होता, अगदी हवा होता. मनाशी खोटं कशाला बोलायचं?

"काकू, मी जाणार." ती उभी राहिली. "संघदीप मले आवडते, लपवत नाही. पण अर्धवट शिकून लोकांच्या पाठीशी खेळणार नाही. शिकूनच येईन, तोवर लग्न नाही. तुम्हाले दुसरी मुलगी पाहायची असली तर..."

"बोल ना रे!" शीलाताईंनी लेकाला ढोसलं.

"काय बोलू, माय? मले आवडली ते अशीच आवडली." संघदीप प्रेरणाकडं वळला, आणि पहिल्यांदाच अहोजाहो गळून पडलं. "जा तू. मी दुसरी पाहत नाही. अन् तिकडं मन बदललं तर... तसं सांगजो. रागावणार नाही."

"बदलते कायले?" डोळे पुसत ती त्याच्यावरच खेकसली. "तुझ्याशीच लग्न करीन! सगळ्यांसमोर सांगून राह्यली!"

शीलाताईंनी कपाळाला हात लावला. "बाप्पा, कठीण पोट्टी हाये!" मग पदर खोचून उठल्या आणि नागोरावांना म्हणाल्या, "भाऊ, साखर आणा घरातून. माझ्या सुनेले मी तोंड गोड केल्याबिगर नाही धाडत."