पाठदुखीचा पट्टा

साताऱ्याहून सांगलीकडं निघालेली कोळशावरची मोटार पेठच्या अलीकडं चढावर अडली, मागं सरकली, आणि त्या हिसक्यानं टपावरची दोन बोचकी रस्त्यावर येऊन आदळली.

श्रावणातली भुरभुर चालू होती. उतारू खाली उतरले तेव्हा दोन्ही बोचक्यांतलं सामान चिखलात एकमेकांत मिसळून पडलं होतं. उतारूंतल्या रंगूची लुगडी, कुणाचा तरी लष्करी कोट, घोंगडं... आणि काळ्या चामड्याचं काहीतरी. छातीखालून कमरेपर्यंत येणारी बिनबाह्यांची बंडीच म्हणा. पुढं पितळी बकलं, मागं नाड्या, आतून लाल रेशमी अस्तर.

"ह्ये काय म्हणायचं?" हंबीरराव पुढं झाला. माधवनगरच्या गिरणीतला तो मुकादम. त्याचा आवाज यंत्रांच्या खडखडाटावरही ऐकू यायचा. त्यानं ती वस्तू बुटाच्या टोकानं उलटी केली. "बैलाचं न्हाई, घोड्याचं न्हाई. माणसाचं म्हणावं तर कसल्या माणसाचं? कुणाचं हाय रं?"

लोक हसू लागले. त्या घोळक्यात रंगूला एक चेहरा दिसला. तिशीतला उंच माणूस, पायांत फौजेतले बूट. पुढं यायला उचललेलं पाऊल तिथंच थिजलेलं, ओठ पांढरे पडलेले. इतकं भ्यालेलं माणूस तिनं एकदाच पाहिलं होतं — नवरा मुदतीच्या तापात गेला त्या दिवशी, आरशात.

"माझं हाय," ती बोलून गेली.

सगळे वळले. आता मागं फिरणं शक्य नव्हतं. "पाठ दुखती माझी. साताऱ्याच्या डाक्टरनी पट्टा दिलाय. बायकांचं दुखणं असतंय, दादा, पाय लावू नका त्याला."

बायकांचं दुखणं म्हटल्यावर हंबीररावाचा पाय आपोआप मागं गेला. रंगूनं ती बंडी पदरानं पुसली, लुगड्यांत गुंडाळली आणि बोचक्याची गाठ घट्ट मारली.  कोट उचलायला तो माणूस तिच्याशेजारी वाकला, तेव्हा त्याचा श्वास थरथरताना तिला ऐकू आला.

"मी माधवनगरच्या गिरणीत असते. परत कशी द्यायची?" तिनं ओठ न हलवता विचारलं.

"गिरणीच्या मागं वडाचं झाड हाय. रविवारी... दुपारी," तो म्हणाला. मग जरा थांबून, "का केलंत?"

"मला तरी कुठं ठावं हाय."

रंगू तेव्हा सव्वीस वर्षांची होती. गिरणीत सुताच्या कांड्या भरायची आणि थोरला दीर जोतिबा व जाऊ धोंडुबाई यांच्याजवळ राहायची. घरात कुणी वाईट वागवत नव्हतं. पण विधवेच्या हातात ताटली द्यायची तीही जराशी लांबूनच. कित्येक वर्षांत तिला कुणी धरलं नव्हतं, मिठीत घेतलं नव्हतं, पाठीवर हातसुद्धा ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी जाऊ पाण्याला गेली, तेव्हा तिनं दार लोटलं आणि चोळीवर ती बंडी चढवली. नुसतं बघावं म्हणून. नाड्या आवळून एकेक बकल लावत गेली... शेवटचं लागलं आणि ती तशीच उभी राहिली. चारही बाजूंनी कुणीतरी सावरून धरावं तसं वाटलं. खांदे खाली आले. छातीत इतकी वर्षं अडकून बसलेलं काहीतरी सुटलं आणि डोळ्यांत पाणी आलं.

मग भीती आली. ह्यात सुख वाटावं, अशी कसली बाई आपण? तिनं घाईघाईनं बकलं सोडली आणि बंडी जोंधळ्याच्या कणगीमागं दडवली.

रविवारी तो वडाखाली होता. नाव आकाराम. कवठे महांकाळच्या बाजूच्या धनगरवाड्याचा — म्हणजे तिच्याच जातीचा. फौजेच्या खेचरांच्या तुकडीत खोगीर आणि लगाम शिवायला होता, युद्धात इटलीला जाऊन आलेला. आता सांगलीत घोडागाड्यांचं सामान शिवत होता.

"आणली न्हाई," रंगू म्हणाली. "घरात माणसं हुती. खरं सांगा, ती कशाची हाय?"

त्याची नजर जमिनीकडं गेली. "सांगितलं तर तुमी उठून जाल."

"जाईन. पर सांगा."

"घालून... बगितली?"

 वडाच्या पानांवरून थेंब टपटपत होते.

"व्हय," ती अखेर म्हणाली.

"मग?"

"सैल झाले."

"सैल? ती तर घट्ट हाय."

"बंडी न्हाई. मी सैल झाले. आतनं."

आकारामनं पहिल्यांदा मान वर केली. त्या नजरेत इतका सुटकेचा भाव होता की रंगूला हसू आलं आणि लाजही वाटली.

मग तो बोलला. इटलीतल्या एका गावात जोडे शिवणारी बाई होती. खोगिराला चामडं मागायला तो तिच्याकडं जायचा. तिच्या मागच्या खोलीत असले कपडे टांगलेले असत — बंड्या, गळपट्टे, कोपरापर्यंतचे हातमोजे. रविवारी काही माणसं तिथं जमायची. टपाल वाटणारा, शाळामास्तर, एक म्हातारं जोडपं. "पयल्यांदा मी लय भ्यालो. म्हटलं, चेटूक हाय. पर ती भली माणसं. त्यांच्यात कापड म्हंजी बोलणं हुतं. गळपट्टा घातला की, आज माझा लगाम तुज्या हातात दिला. हातमोजे घातले की, आज तुज्या जिवाची राखण माझ्याकडं. आन विचारल्याबिगर कुणी कुणाचं एक बकल लावायचं न्हाई. बकलं पुढं का, तर घालणाऱ्याला त्याची त्याला सोडता यावीत."

"आन तुमची बंडी काय बोलती?"

"की... मला घट्ट धर." तो ओशाळला. "खेचरांवर तोफगोळे पडायचे. रातभर अंग कापायचं. त्या बाईनं माझ्या मापानं शिवून दिली. ती घातली की कापरं थांबायचं. नंतर कापरं गेलं, पर आवड ऱ्हायली. हिथं कुणाला सांगणार? येडा म्हणून दगडं मारतील."

"मलाबी मारतील," रंगू हळूच म्हणाली.

"मग दोघं झालो की."

पुढच्या रविवारी ते भेटले, त्याच्या पुढच्याही. बंडी परत द्यायचं दर वेळी राहून जायचं. दोघांनाही ते कळत होतं. आकाराम विचारायचा, "आज तरी आणली का?" ती म्हणायची, "पाठ दुखती न्हवं माझी." आणि तो हसायचा. पण वाटेनं कुणी खाकरलं तरी दोघांची बोटं एकमेकांपासून झटकन सुटायची.

आणि मग हंबीररावानं गिरणीच्या फाटकात जोतिबाला गाठलं. "भावजयीची पाठ कशी हाय? पट्टा लागू पडला का? का वडाखालचं औषध लागू पडलं?"

 त्या संध्याकाळी जोतिबा भाकरी अर्धी टाकून उठला आणि दारातून म्हणाला, "धोंडे, त्यो पट्टा बगून घे. डाक्टरचा नसंल तर हिला उद्या म्हायेरी धाडतो. आन त्या माणसाचे हातपाय मोडतो."

धोंडुबाईनं दार लावलं. "काढ."

रंगूनं कणगीमागून बंडी काढली. धोंडुबाईनं ती दिव्याजवळ नेली. बकलं पाहिली, लाल अस्तरावरून बोट फिरवलं.

"ह्यो काय पाठीचा पट्टा न्हाई."

"न्हाई, आक्का." रंगूला आपलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला. खोटं अजून जुळवता आलं असतं. पण उद्या त्याचे हातपाय मोडतील... "त्यांची हाय. आकारामची. लोक हसत हुते आन त्ये भ्याले हुते, म्हणून मी माझी म्हटली. त्यांना ती घातली की बरं वाटतंय. जिवाला."

"आन तुला?"

रंगूनं मान खाली घातली. "मलाबी."

दिव्याची वात फडफडली. धोंडुबाईनं दिवा उचलून तिच्या तोंडासमोर धरला. आता ओरडेल, शेजार गोळा करेल... रंगू भिंतीला चिकटून उभी होती.

"मारतोय का त्यो तुला?"

"न्हाई. विचारल्याबिगर हातबी लावत न्हाई."

"आमच्या ह्यांनी जन्मात कवा विचारलं न्हाई," धोंडुबाई स्वतःशीच म्हणाली. तिनं बंडीची घडी घातली आणि रंगूच्या हातात दिली. "मला ह्यातलं कळत न्हाई, आन कळून घ्यायचंबी न्हाई. पाट लावतो म्हणतोय का? दुसरं लगीन?"

"मी विचारलं न्हाई अजून."

"मग इचार. उद्याच. पाटाचं मी ह्यांच्या कानावर घालती. धनगराचा पोर हाय, फौजेतनं आलाय, न्हाई म्हणायचे न्हाईत. पट्टा डाक्टरचाच हाय म्हणून सांगती." मग आवाज आणखी उतरवून ती म्हणाली, "पर रंगे, ह्ये तुमच्या दोघांच्या बाहीर जाऊ देऊ नगंस. मी बाई म्हणून ऐकून घेतलं. गाव ऐकून घ्यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी रंगू गिरणीतून सरळ आकारामच्या दुकानावर गेली. उघड्या रस्त्यानं, सगळ्यांच्या देखत. तो लगामाला टाके घालत होता. तिला बघताच त्याचा चेहरा पुन्हा तसाच पांढरा पडला.

"कळलं का घरी?"

"निम्मं कळलं." तिनं सगळं सांगितलं. मग म्हणाली, "माझ्यासंगं पाट लावताय का?"

आकारामच्या हातातला दाभण खाली पडला. तो हसला नाही. त्याचे डोळे भरून आले. "लावतो. पर भ्या वाटत न्हाई तुला? जन्मभर दार लावून जगायचं..."

"वाटतंय की. आताबी वाटतंय." तिनं त्याच्या पुढ्यातला दोरा उचलला, रस्त्याकडं पाठ केली आणि लुगड्यावरूनच कमरेभोवती फिरवला. जिथं टोक आलं तिथं गाठ मारली आणि दोरा त्याच्या तळहातावर ठेवला.

"माझ्या मापाची एक शिवा," ती म्हणाली. "तुमची मला मोठी हुती."